लाल ठिपक्याचा नियम: कुर्ट आल्बर्ट यांनी प्रस्तरारोहणात नेमकं काय बदललं

एखादी भिंत 'चढून झाली' असं कधी म्हणायचं? वर पोहोचलं की झालं, हे उत्तर आल्प्समध्ये बरीच वर्षं चाललं. पकड नसेल तिथे मेख ठोकायची, मेखेला दोरीची छोटी शिडी अडकवायची, शिडीवर उभं राहून पुढची मेख ठोकायची. याला कृत्रिम चढाई म्हणतात. हातोडा, धीर आणि पुरेशा मेखा जवळ असतील तर या पद्धतीने जवळजवळ कुठलीही भिंत चढता येते, आणि अडचण नेमकी तीच आहे. एकाने तीन मेखांना धरून वर ओढून घेतलं, दुसऱ्याने दोनदा दोरावर लटकून दम खाल्ला, तिसऱ्याने कशालाच हात लावला नाही. तिघांच्याही वहीत नोंद एकच, 'मार्ग चढला'. भिंत किती अवघड आहे हे त्या नोंदीवरून कोणालाच कळत नाही.

ही गल्लत ज्याने सोडवली तो न्युरेंबर्गचा कुर्ट आल्बर्ट. पुढे त्याने पाटागोनियापासून काराकोरमपर्यंत मोठ्या भिंती चढल्या, पण जगभरातले आरोहक रोज वापरतात ती त्याची गोष्ट म्हणजे एक नियम. रोटपुंक्ट, इंग्रजीत रेडपॉइंट, म्हणजे लाल ठिपका.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मुक्त' प्रस्तरारोहण म्हणजे दोराशिवाय चढणं नव्हे. दोराशिवाय चढतात त्याला फ्री सोलो म्हणतात, तो प्रकार वेगळा. मुक्त चढाईत दोर असतो, हार्नेस (कंबरपट्टा) असतो, मेखा किंवा बोल्टही (कातळात भोक पाडून बसवलेले पक्के खिळे) असतात. फक्त वर जाण्यासाठी त्यांचा उपयोग करायचा नसतो. वजन हातापायांवर आणि कातळावर. बाकी सगळं साहित्य पडलो तर झेलण्यासाठी.

न्युरेंबर्ग ते एल्बे

आल्बर्टचा जन्म २८ जानेवारी १९५४चा. चौदाव्या वर्षी कॅथलिक युवक मंडळाबरोबर तो चढायला लागला. सतराव्या वर्षी आल्प्समधल्या ग्रांद झोरासची वॉकर धार आणि अठराव्या वर्षी आयगरची उत्तर भिंत चढून मोकळा झाला. म्हणजे त्या काळच्या रूढ मापाने त्याला सिद्ध करायचं फारसं काही उरलं नव्हतं. गणित आणि भौतिकशास्त्र शिकून तो शिक्षक झाला आणि १९८६पर्यंत त्याने शिकवलं.

घराजवळचा चढाईचा प्रदेश म्हणजे फ्रांकेनयुरा. न्युरेंबर्ग, बाम्बर्ग आणि बायरॉइट यांच्या मधल्या जंगलात विखुरलेले चुनखडीचे आणि डोलोमाइटचे कडे. बहुतेक १० ते ३० मीटर उंचीचे, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम सुळक्यापेक्षाही ठेंगणे. या कातळाचं वैशिष्ट्य म्हणजे खोबणी: एक बोट, दोन बोटं किंवा फार तर तीन बोटं जातील एवढी भोकं. त्या वेळी या कड्यांना कोणी फारशी किंमत देत नसे. आल्प्सच्या मोठ्या भिंतींची तालीम करायची जागा, एवढंच त्यांचं स्थान. त्यामुळे मीटर-दीड मीटरवर मेखा ठोकलेल्या असत आणि त्या धरून वर जाण्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

१९७३ साली आल्बर्ट पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर गेला. तिथली रीत अगदी वेगळी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच तिथे नियम ठरले होते: वर जाण्यासाठी कृत्रिम आधार घ्यायचा नाही. कातळ मऊ, त्यामुळे फटीत अडकवायची धातूची साधनं बंद. त्यांच्याऐवजी गाठ मारलेली पट्टी फटीत कोंबायची. हाताचा घाम टिपायला लावतात ती खडूची पूड वापरायची नाही. पावसानंतर कातळ पूर्ण वाळेपर्यंत चढायचं नाही, कारण ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि पकड हातात येते. पक्क्या सुरक्षेसाठी मोजक्याच लोखंडी कड्या, त्याही दूर दूर. आणि एवढी बंधनं पाळून तिथली माणसं जे चढत होती ते पश्चिमेकडच्या मेखवाल्यांना जमत नव्हतं.

ठिपका आणि त्याचा अर्थ

फ्रांकेनयुरात परतल्यावर आल्बर्टने जुने कृत्रिम मार्ग हातापायांनी चढायचा प्रयत्न सुरू केला. ज्या मेखेला आधारासाठी हात किंवा पाय लावायचा नाही असं ठरलं, तिच्यावर तो लाल रंगाने फुली मारायचा. सगळा मार्ग कशालाही न धरता, एका दमात चढून झाला की पायथ्याशी लाल ठिपका काढायचा. पहिला ठिपका १९७५ साली श्ट्राइटबर्गच्या कड्यावर, आडोल्फ रॉट यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या मार्गाखाली उमटला.

नियम आजच्या भाषेत सांगायचा तर असा. जमिनीवरून लीड करत निघायचं, म्हणजे दोर वरून आलेला नसतो, तो आपल्याबरोबर वर जातो. वाटेत प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉमधून, म्हणजे दोन टोकांना कड्या असलेल्या छोट्या पट्टीतून, दोर अडकवायचा. शेवटच्या अँकरपर्यंत, म्हणजे मार्गाच्या वरच्या टोकाच्या पक्क्या आधारापर्यंत, एकदाही दोरावर, बोल्टवर किंवा क्विकड्रॉवर वजन टाकायचं नाही. पडलात, किंवा नुसते 'धर' म्हणून लटकलात, तर तो प्रयत्न संपला. खाली यायचं, दोर पूर्ण ओढून काढायचा आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात करायची. त्याआधी किती दिवस सराव केला, किती वेळा पडलात, याला मर्यादा नाही.

यातलं 'दोर ओढून काढायचा' हे कलम क्षुल्लक वाटतं, पण नियमाचा जीव तिथेच आहे. त्या काळी यो-यो नावाची पद्धत प्रचलित होती: पडलं की खाली यायचं, पण दोर सर्वांत वरच्या बोल्टमध्ये तसाच ठेवायचा. पुढच्या प्रयत्नात तिथपर्यंत वरून दोर मिळाल्यासारखंच होतं. पडण्याची भीती नाही आणि दोर अडकवण्याची मेहनतही नाही. अवघड जागी एका हातावर तोल सांभाळून दुसऱ्या हाताने दोर ओढून अडकवणं हे बऱ्याच मार्गांवर सर्वांत दमवणारं काम असतं. ते टाळलं तर मार्ग सोपा होतो.

एल्बेच्या रीतीची ही नक्कल नव्हती. तिथे 'सगळं मुक्त' चढलो असं म्हणणाऱ्याला लोखंडी कडीवर लटकून विश्रांती घ्यायची मुभा होती. आल्बर्टने ती काढून घेतली. उलट तिथे नवा मार्ग खालूनच चढत काढायचा असा दंडक होता. आल्बर्टने वाटेल तेवढ्या सरावाला परवानगी दिली. एका बाजूने कडक, एका बाजूने सैल. आणि हा सैलपणाच जास्त परिणामकारक ठरला असं आमचं मत आहे. पडणं ही नामुष्की राहिली नाही, ते तयारीचा भाग झालं. त्यामुळे आरोहक आपल्या ताकदीच्या पलीकडच्या मार्गांना हात घालू लागले.

दुसरी गोष्ट: त्याने कोणाच्या मेखा उपटल्या नाहीत, कोणाला बंदी केली नाही. ज्याला मेख धरून जायचं त्याने जावं. ठिपका फक्त एवढं सांगत होता की हा मार्ग मेख न धरता जातो आणि कोणीतरी जाऊन दाखवला आहे. ते वाचल्यावर मेख धरायला हात कचरतो. समितीने काढलेल्या नियमापेक्षा हे भारी होतं.

ठिपक्याच्या आसपास इतर शब्दही रूढ झाले, त्यांची नेहमी सरमिसळ होते. मार्गाची काहीही माहिती नसताना, कोणाला चढताना न पाहता, पहिल्याच प्रयत्नात न पडता चढलं तर ऑनसाइट. पहिलाच प्रयत्न, पण माहिती आधी मिळालेली, तर फ्लॅश. त्यानंतरचा कुठलाही यशस्वी प्रयत्न रेडपॉइंट. क्विकड्रॉ आधीच लटकवलेले असतील तर त्याला पूर्वी पिंकपॉइंट म्हणत. आज स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये हा भेद बहुतेक कोणी पाळत नाही, कारण खूप झुकलेल्या भिंतीवर क्विकड्रॉ लावत-काढत बसणं व्यवहार्य नसतं. वरून दोर लावून चढलेलं मात्र रेडपॉइंटमध्ये कधीच धरत नाहीत.

सहाव्या श्रेणीचं झाकण

युरोपात चढाईची अवघडता रोमन आकड्यांत मोजत आणि सहावी श्रेणी ही मानवी क्षमतेची हद्द मानत. हद्दच ठरलेली असल्यामुळे दरवर्षी अवघड मार्ग निघत, पण सगळे सहाव्यातच कोंबले जात. १९७७ साली ऑस्ट्रियातल्या कायझर डोंगरात राइनहार्ड कार्ल आणि हेल्मुट कीने यांनी पुंपरिस्से नावाचा मार्ग चढून त्याला उघडपणे सातवी श्रेणी दिली आणि झाकण उडालं. पण वरच्या श्रेण्यांना अर्थ हवा असेल तर प्रत्येक जण एकाच पद्धतीने चढला पाहिजे. ते काम लाल ठिपक्याने केलं. १९८१ साली आल्बर्टने ग्योसवाइनश्टाइनच्या कड्यावर 'झाउटान्झ' मुक्तपणे चढला, श्रेणी नववी उणे, म्हणजे नववीची खालची पायरी. सहावी हीच हद्द म्हणणाऱ्या काळापासून हे अंतर जेमतेम चार-पाच वर्षांचं.

याच्या मागे एक लोखंडी कारणही आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. पडण्याचा सराव करायचा तर सुरक्षेचा बिंदू विश्वासाचा हवा. फटीत ठोकलेली जुनी मेख हळू वजन पेलते, झटका पेलेलच असं नाही; गंज आतून लागतो, बाहेरून दिसत नाही. न्युरेंबर्गच्याच ओस्कार ब्यूलर यांनी कातळात भोक पाडून सिमेंटने बसवायची लोखंडी कडी तयार केली होती, तिला आजही ब्यूलर हूक म्हणतात. अशा कड्या बसत गेल्या तसं पुन्हा पुन्हा पडणं परवडू लागलं.

सह्याद्रीतल्या वाचकांनी इथे थोडं थांबावं. आपल्या सुळक्यांवर बोल्ट ठोकत कृत्रिम चढाई करण्याची मोठी परंपरा आहे, आणि तिला कमी लेखायचं कारण नाही. बेसॉल्ट बऱ्याच ठिकाणी थराथरांचा, ठिसूळ. पकड सुटून हातात येते, मध्ये घसाऱ्याचे टप्पे. लाल ठिपक्याची पूर्वअट अशी की कातळ भक्कम असावा आणि पडणं सुरक्षित असावं. ती पूर्ण होत नसेल तिथे नियमाचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. पुण्या-मुंबईचे आरोहक हिवाळ्यात बदामीच्या वालुकाश्मावर जातात, तिथल्या बोल्ट केलेल्या मार्गांवर मात्र हा नियम जसाच्या तसा चालतो.

एक मार्ग रेडपॉइंट कसा करतात

पहिला प्रयत्न यशासाठी नसतोच. बोल्ट ते बोल्ट जायचं, प्रत्येक बोल्टवर लटकायचं, ब्रशने पकडी साफ करायच्या, कुठला हात कुठे आणि पाय कुठे ते ठरवायचं. खोबणीत जुनी खडूपूड आणि घाम साचला की ती गुळगुळीत होते, म्हणून ब्रश. लहान पायऱ्यांजवळ खडूची बारीक खूण करतात. काम झाल्यावर ती पुसायची असते, बरेच जण विसरतात.

मग तुकडे जोडायचे, आणि ते वरून खाली. शेवटच्या बोल्टपासून अँकरपर्यंत न लटकता जमलं की एक बोल्ट खालून सुरुवात, मग आणखी एक खालून. उलट का? कारण खऱ्या प्रयत्नात वरचा भाग थकलेल्या हातांनी चढायचा असतो. तिथल्या हालचाली विचार न करता झाल्या पाहिजेत. खालचा भाग घोटून वरच्यासाठी 'बघू तिथे गेल्यावर' म्हणणारे अँकरच्या खाली एका हातावर पडतात. हे इतकं सर्रास घडतं की त्यावर हसूही येत नाही.

थकवा येतो तो पुढच्या हाताच्या स्नायूंत. पकड घट्ट धरली की आकसलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त आत येत नाही, हात टणक होतो आणि बोटं आपोआप उघडतात. म्हणून गरजेपेक्षा घट्ट धरायचं नाही, अवघड टप्पा झपाट्याने पार करायचा, आणि बरी पकड मिळाली की आळीपाळीने एकेक हात खाली सोडून झटकायचा. दोन प्रयत्नांत साधारण अर्धा तास तरी विश्रांती हवी. उन्हात कातळ तापला की घाम येतो, घर्षण घटतं. सकाळची किंवा सावलीची वेळ साधणं हा तयारीचाच भाग.

आता धोक्याचं गणित. शेवटचा अडकवलेला बोल्ट ६ मीटरवर आहे, पुढचा ८ मीटरवर. कंबर ८ मीटरवर आल्यावर अडकवायला गेलात आणि पडलात, तर ६ मीटरच्या वर २ मीटर दोर बाहेर आहे, म्हणून कंबर ४ मीटरवर थांबते. उतावीळपणे कंबर ७ मीटरवर असतानाच हात वर करून अडकवायला गेलात तर दोर कंबरेपासून ८ मीटरपर्यंत वर जातो (१ मीटर) आणि तिथून ६ मीटरपर्यंत खाली येतो (२ मीटर). एकूण ३ मीटर. म्हणजे पडताना सुरुवात एक मीटर खालून झाली, तरी कंबर आणखी एक मीटर खाली, ३ मीटरवर थांबते. त्यात दोराचा ताण आणि बिलेयरकडचा (खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्याकडचा) ढिलेपणा मिळून मीटर-दीड मीटर धरा. कंबरेखाली पाय मीटरभर लोंबतात. पाय जमिनीपासून जेमतेम अर्ध्या ते एक मीटरवर थांबतात. पहिल्या तीन बोल्टपर्यंत म्हणूनच कंबरेच्या जवळ आल्यावर अडकवायचं, आणि बिलेयरने ढिला दोर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

बाकीच्या चुकाही ठरलेल्या. दोर खालच्या क्विकड्रॉच्याही खालून उचलून वर अडकवला तर त्याचा झेडसारखा आकार होतो आणि दोर पुढे सरकतच नाही. दोर कॅराबिनरमधून (झडप असलेल्या कडीतून) उलट्या बाजूने घेतला, म्हणजे आरोहकाकडचा दोर कातळाच्या बाजूने निघाला, तर पडताना तोच दोर तिची झडप दाबून उघडू शकतो. दोर पायाच्या मागून जात असेल तर पडताना माणूस उलटा होतो आणि डोकं आपटतं. खाली उतरवताना दोर कमी पडून टोक बिलेच्या उपकरणातून निसटणं ही सगळ्यांत टाळता येण्याजोगी दुर्घटना. टोकाला गाठ मारली की प्रश्नच मिटतो.

फ्रांकेनयुराची खास दुखापत बोटाची. बोटाच्या हाडाशी स्नायूबंध घट्ट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना पुली म्हणतात. एक-दोन बोटांवर अख्खं शरीर झटक्यात लटकलं, विशेषतः पाय अचानक निसटल्यावर, तर अनामिकेची पुली फाटते. कधी फटकन आवाजही येतो. त्यानंतर महिन्यांची विश्रांती. थंड बोटांनी खोबणीच्या मार्गाला हात घालायचा नाही.

घर, ग्युलिश आणि मोठ्या भिंती

आल्बर्ट आणि त्याच्याहून सहा वर्षांनी लहान वोल्फगांग ग्युलिश न्युरेंबर्गजवळ ओबरश्योलेनबाख गावात एकाच घरात राहायचे. ग्युलिशने १९८८च्या सुमारास न्युरेंबर्गच्या 'कॅम्पस' व्यायामशाळेत झुकत्या फळीवर लाकडी पट्ट्या लावून, पाय न टेकता नुसत्या बोटांवर उड्या घ्यायचा सराव सुरू केला. आज प्रत्येक क्लाइंबिंग जिममध्ये दिसतो तो कॅम्पस बोर्ड हाच. १९९१मध्ये त्याने फ्रांकेनयुरातच 'आक्सिओं दिरेक्त' चढला. फ्रेंच मापात ९ए ठरलेला जगातला हा पहिला मार्ग, आणि अर्थातच रेडपॉइंट. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात तो गेला.

आल्बर्टला मात्र आकड्यांपेक्षा आपला नियम मोठ्या भिंतीवर टिकतो का याचं कुतूहल होतं. १९८७ साली इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरात त्याने ग्रोसे त्सिनेच्या उत्तर भिंतीवरचा, १९५८ साली भरपूर मेखांनी काढलेला हासे-ब्रांडलर मार्ग गेरोल्ड श्प्राखमानबरोबर मुक्तपणे चढला. तिथे नियम टप्प्याटप्प्याने लागतो. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतच्या टप्प्याला पिच म्हणतात. पिचमध्ये पडलात तर त्या पिचच्या थांब्यावर परत, दोर ओढून पुन्हा सुरुवात. सगळ्या भिंतीच्या पायथ्याशी जावं लागत नाही, पण एकही पिच सोडता येत नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या डॉन वॉलवर केविन जॉर्जसन पंधराव्या पिचवर दिवसेंदिवस अडकला आणि टॉमी कॉल्डवेल त्याच्यासाठी थांबून राहिला, तो याच हिशेबामुळे.

१९८८ साली आल्बर्ट, ग्युलिश आणि हार्टमुट म्युनशनबाख काराकोरममधल्या ट्रँगो गटातल्या नेमलेस टॉवरवर गेले. उंची ६,२३९ मीटर. आदल्या वर्षी युगोस्लाव्ह चमूने काढलेला मार्ग त्यांनी मुक्तपणे चढला. या सुळक्याची ही पहिली मुक्त चढाई. सहा हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, त्यामुळे पिचच्या मध्ये हात झटकून ताजे होत नाहीत. बोटं बधिर झाली की पकड कितपत घट्ट धरली आहे तेच कळत नाही. फटीत बर्फ असेल तर तिथे हात कोंबताच येत नाही. मुक्त चढाई तिथे हवामानाच्या मर्जीवर असते.

म्हणूनच पुढच्या मोहिमांच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. १९८९ साली त्याच सुळक्यावर आल्बर्ट, ग्युलिश, क्रिस्टोफ श्टीगलर आणि मिलान सिकोरा यांनी 'इटर्नल फ्लेम' हा नवा मार्ग काढला. बहुतेक मार्ग मुक्त झाला, थोडा नाही. जिथे साधनांवर वजन टाकलं तिथे त्यांनी 'ए', म्हणजे कृत्रिम चढाईची खूण, लिहून ठेवलं. १९९०-९१मध्ये चिलीतल्या तोरे सेंत्राल देल पाइनेच्या पूर्व भिंतीवर सुमारे १,३०० मीटरचा 'रायडर्स ऑन द स्टॉर्म', बरोबर ग्युलिश, बेर्न्ड आर्नोल्ड, नॉर्बर्ट बेट्स आणि पेटर डिट्रिश. तिथेही काही पिच कृत्रिम, नोंद 'ए३'. नियम स्वतः घडवलेल्या माणसाला या जागा झाकणं सोपं होतं. त्याने त्या उघड्या ठेवल्या, त्यामुळे पुढच्यांना नेमकं काय बाकी आहे ते कळलं.

२६ सप्टेंबर २०१० रोजी फ्रांकेनयुरातल्या ह्योएनग्ल्युकश्टाइग या लोखंडी दोर लावलेल्या वाटेवरून आल्बर्ट सुमारे १८ मीटर कोसळला आणि २८ सप्टेंबरला एरलांगेनच्या रुग्णालयात वारला. वय ५६.

'इटर्नल फ्लेम'चं बाकी राहिलेलं काम थोमास आणि आलेक्झांडर हुबर या भावांनी आदल्याच वर्षी, २००९ साली, पूर्ण केलं होतं. 'रायडर्स'साठी २०२४ उजाडलं: निको फाव्रेस, सीबे व्हान्हे, शॉन व्हिलान्वेव्हा आणि ड्र्यू स्मिथ यांचा चमू अनेक दिवस भिंतीवर राहिला, फटींतला बर्फ वितळायची वाट पाहिली, आणि तो मार्ग ३३ वर्षांनी पहिल्यांदा मुक्तपणे चढून झाला.